तिच्यासमोरचे चेहरे

ताईने एकतीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर काढली. बायकांच्या झडतीचं काम तिच्याकडे होतं. सुट्टीची घंटा झाली की चारशे बायका एकामागोमाग तिच्यासमोरून जायच्या, पिशवी उघडून दाखवायच्या, हात वर करायच्या, आणि ताई पिशवीकडे कमी नि तोंडाकडे जास्त बघायची. कोणी पोटाशी अस्तराचं कापड गुंडाळलंय, कोणी अंबाड्यात चेनची गुंडाळी लपवलीय, हे तिला झडतीआधीच कळायचं. कसं कळायचं ते विचारलं तर तिला सांगता येत नसे. मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं आणि तिचा हात आपसूक त्या बाईच्या खांद्यावर पडायचा. कारखान्यातल्या बायका तिला पाठीमागे 'दुर्बीण' म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

लग्न तिने केलं नाही. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा पाठच्या भावाला तिनेच वाढवलं. भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामात शिरला, चांगला हात बसला, आणि त्याने लग्न केलं ते घारीशी. घारी हे काही तिचं खरं नाव नाही. डोळे घारे म्हणून माहेरी म्हणायचे, तेच सासरीही चिकटलं. तिची नोकरीसुद्धा डोळ्यांचीच. काचेच्या कारखान्यात पांढऱ्या उजेडासमोरून बाटल्या सरकत जायच्या, आणि ज्या बाटलीत केसाएवढी चीर किंवा बुडबुडा दिसेल ती उचलून बाजूला टाकायची. मिनिटाला साठ बाटल्या. "आमच्या घरात दोन दुर्बिणी आहेत, मला चोरून बिडी ओढायचीही सोय नाही," असं भाऊ चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

ताई निवृत्त झाली त्याच वर्षी घारीची नजर गेली.

डोळे मात्र ठणठणीत होते. बिघाड झाला होता डोक्याच्या मागच्या बाजूला. रक्ताची गुठळी अडकली आणि अर्धं दिसणं गेलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूला अडकली आणि उरलेलं अर्धंही गेलं. हातपाय, बोलणं, आठवण सगळं जागच्या जागी. काळोख दिसतो का, असं लोक विचारायचे. घारी म्हणायची, "तुमच्या डोक्याच्या मागे तुम्हाला काय दिसतं? काळं दिसतं का? काहीच नाही ना? तसं."

भावाला नोकरी सोडून घरी बसता येणार नव्हतं. ताईने आपल्या खोलीला कुलूप लावलं, दोन पिशव्या घेतल्या आणि भावाकडे येऊन राहिली. तिसरा मजला, बाहेरची खोली, आत झोपायची, मध्ये लांबट बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. घारी भिंतीला हात लावत चालायची. पावलं मोजायची. आंघोळ, वेणी, कपड्यांच्या घड्या, सगळं स्वतः करायची. ताईला आधी तिचं कौतुकच वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी ताई फरशी पुसत होती. बोळाच्या मधोमध पाण्याची बादली ठेवून ती फडकं आणायला मोरीत गेली, आणि वळून बघते तो घारी बाहेरच्या खोलीतून निघाली होती. ताईने ओरडायला तोंड उघडलं. पण घारी बादलीपाशी आली, भिंतीवरचा हात सोडला, डावीकडून वळसा घातला, पुन्हा भिंतीला हात लावला आणि स्वयंपाकघरात गेली. साडीचा काठसुद्धा बादलीला लागला नाही.

"बादली होती वाटेत," ताई म्हणाली.

"हो का? कुठे?" घारी जागच्या जागी थबकली. पाय आखडून उभी राहिली. "सांगायचं नाही का, वन्सं? पडले असते ना."

ताईच्या मनात पाल चुकचुकली.

आता एकतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. दुपारी घारी पडली असताना ताईने स्टूल आणून बोळात ठेवलं. घारी उठली, आली, स्टुलाला वळसा घालून गेली. दुसऱ्या दिवशी ताईने स्टूल उजव्या भिंतीला लावलं आणि डाव्या भिंतीला कपड्यांची टोपली. घारी दोन्हींच्या मधून अंग तिरकं करून गेली, दाटीवाटीच्या दुकानातून माणूस जातो तशी. ताईने विचारलं, "तिरकी का झालीस गं?"

"तिरकी? मी सरळच आले."

ताईने तिचं तोंड बारकाईने बघितलं. खोटं बोलणाऱ्या बाईच्या तोंडावर काहीतरी असतंच. ओठाचा कोपरा असतो, गिळलेला आवंढा असतो, नको तेवढं उघडं निरागस कपाळ असतं. घारीच्या तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. इतकं स्वच्छ खोटं ताईने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि चोराला निदान काहीतरी न्यायचं तरी असतं. ही काय नेणार होती? आंधळेपणाचं सोंग घेऊन हिला मिळणार काय होतं? नोकरी गेली होती, मैत्रिणी यायच्या बंद झाल्या होत्या, रस्त्यावर उतरायची चोरी झाली होती. कारण सापडेना म्हणून ताईला झोप लागेना. ती दिवसभर घारीकडे बघत राहायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, जेवताना. समोरचीला आपण बघतोय हे कळणार नाही, याचा एक प्रकारचा मोकळेपणाही होता त्यात.

मग तिने जे केलं ते तिलाही नंतर बरं वाटलं नाही. जेवण झाल्यावर घारी रोज खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसायची. त्या दुपारी ताई "खाली जाऊन येते" असं मोठ्याने म्हणाली, दार उघडून लावल्याचा आवाज केला, आणि अनवाणी परत येऊन त्या खुर्चीत बसली. पंखा घरघरत होता. रस्त्यावर कोणीतरी लोखंडी सळ्या उतरवत होतं. ताईने श्वासही तोंडाने हळू हळू घेतला.

घारी आली. तीन पावलांवर असताना चालणं मंदावलं. हातभर अंतरावर ती थांबली. तिचे डोळे ताईच्या डोक्यावरून पलीकडे खिडकीकडे लागले होते. थांबलेलीच राहिली. ताईला तिच्या दंडावरची लव उभी राहिलेली स्पष्ट दिसली.

"कोणी आहे का?" घारी म्हणाली.

ताई गप्प.

घारीने खुर्चीकडे हात नेला आणि अर्ध्यावरून मागे घेतला, विस्तवाजवळून घ्यावा तसा. मग ती मागे मागे सरकत पलंगापर्यंत गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि भिंतीकडे तोंड फिरवून पदराने हात घट्ट गुंडाळून घेतले. ताईला उठताही येईना. अर्धा तास दोघी तशाच बसल्या. या घरात कोणी कोणाला पकडलं होतं, तेच ताईला कळेनासं झालं.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी घारी आपणहून स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी राहिली.

"वन्सं, एक सांगू? हसू नका."

"सांग."

"या घरात अजून कोणीतरी आहे." तिने आवाज खाली आणला. "आणि दुसरं असं, की माझ्या आतही कोणीतरी आहे. तिला दिसतं. मला नाही दिसत, तिला दिसतं. काल पेला शोधायला हात पुढे केला, चाचपडावंच लागलं नाही, हात थेट पेल्यावर. तुम्ही म्हणता मी वळते, तिरकी होते. मी नाही होत. ती होते. आज दुपारी मी खुर्चीत बसायला निघाले तर तिने मला बसू दिलं नाही."

ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला. तिला ते सांगून टाकायचं होतं, की खुर्चीत मी होते. पण ती म्हणाली, "चहा टाकते."

भाऊ आल्यावर तिने त्याला जिन्यात गाठून सगळं सांगितलं, खुर्चीचंसुद्धा. तो आधी भडकला. "तू माझ्या बायकोवर पहारा देतेस?" मग पायरीवरच बसला. म्हणाला, "मलाही दिसलंय, ताई. मी बोललो नाही इतकंच." पुढच्या आठवड्यात त्याने रजा घेऊन दोघींना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर बाई वयाने लहान होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी घारीला एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं. हनुवटी एका पट्टीवर टेकवायला सांगितली. ताई कोपऱ्यात बाकावर बसली, भाऊ दारात उभा राहिला.

"पडद्यावर एक ठिपका पेटेल. डावीकडे की उजवीकडे ते सांगा."

"मला दिसत नाही तर सांगू काय?"

"दिसत नाहीच. अंदाजाने सांगा. चुकलं तरी चालेल."

"ही काय थट्टा आहे," घारी पुटपुटली. पण सांगू लागली. डावीकडे. डावीकडे. उजवीकडे. कंटाळलेल्या आवाजात, तोंडाला येईल ते. ताई पडद्याकडे बघत होती आणि बोटांच्या पेरांवर मोजत होती. पन्नासपैकी शेहेचाळीस बरोबर आले. डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा घारी म्हणाली, "तुम्ही माझं मन राखायला सांगताय." आणि तिचे ओठ पांढरे पडले.

मग डॉक्टरांनी पडद्यावर माणसांचे चेहरे दाखवले. एक हसरा, एक रागावलेला, एक घाबरलेला, असे उलटसुलट. "समोर काय आहे असं वाटतं?"

"काही नाही." थोड्या वेळाने, "काही नाही." आणि मग एकदम, "हे नको."

"का?"

"माहीत नाही. पोटात गोळा आला."

पडद्यावर एक बाई दात आवळून डोळे रोखून बघत होती.

बाहेर उजेडात आल्यावर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यातून जे निघतं ते एकाच वाटेने मेंदूत जात नाही. एक मोठी वाट असते. ती मागच्या भागात जाते, आणि तिथे गेल्यावरच माणसाला 'मला दिसतं' असं वाटतं. ती वाट हिची बंद झाली. पण बारक्या, फार जुन्या वाटाही असतात. त्या हाताकडे, पायाकडे, भीतीकडे जातात. त्या उघड्या आहेत. "म्हणजे यांच्या मेंदूत दिसणं पोहोचतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण ते यांना कळवलं जात नाही. खोटं त्या बोलत नाहीत."

"मग मला कळवत का नाही?" घारीने विचारलं. "माझ्याच घरात राहून?"

डॉक्टरांना हसू आलं नाही. "तुमच्याच असं नाही. आमच्या सगळ्यांच्यात ते चालू असतं. फक्त आम्हाला वरून दिसत असतं, म्हणून खालचं जाणवत नाही."

परत येताना बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, भाऊ मागे उभा होता. बरंच अंतर गेल्यावर घारीने ताईच्या मनगटावर हात ठेवला.

"वन्सं, तुम्ही माझ्याकडे कसं बघता?"

"म्हणजे?"

"तुम्ही आलात त्या आठवड्यापासून मला घरात भीती वाटायला लागली. दिवसा. तुमचा आवाज तर मायेचा. जेवायला वाढता, केस विंचरून देता. मी विचार करायची, बाहेरचं काही आलंय का घरात. आज तो चेहरा दाखवला तेव्हा पोटात जो गोळा आला ना, तो मला ओळखीचा वाटला."

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. दुकानांच्या पाट्या मागे जात होत्या आणि तिला एकही वाचता येत नव्हती. फाटकावरची एकतीस वर्षं ज्या तोंडाने ती समोरच्या बाईकडे बघायची, तेच तोंड घेऊन ती भावाच्या घरात वावरत होती, आणि समोरची आंधळी म्हणून ते झाकायचीही गरज तिला वाटली नव्हती. घरातलं भूत म्हणजे तीच होती.

"खुर्चीत मी बसले होते," ती शेवटी म्हणाली. "त्या दुपारी."

घारीने हात काढून घेतला नाही. "वाटलंच होतं," म्हणाली. "म्हणजे मला नाही. तिला."

त्यानंतर ताईने फार प्रयत्न केला. समोर जाताना ती हसायची. पण हसू काही चालेना; घारी कसनुशी होऊन विचारायची, "काय झालं, वन्सं?" खोटं हसू कसं ओळखायचं ते ताईला चांगलं माहीत होतं, ते दुसऱ्यालाही ओळखता येतं याची मात्र तिला कधी झळ लागली नव्हती. मग तिने हसणं सोडलं आणि घारीजवळ बसून कामं करायला लागली. मटार सोलायचे, उसवलेलं शिवायचं, बाटल्यांच्या कारखान्यातल्या गोष्टी ऐकायच्या. एक मुकादम होता, तो म्हणे स्वतःच्या चष्म्याला गेलेला तडाही ओळखू शकत नव्हता. ताई खरंच हसली. घारीचे खांदे सैल पडले. असे दोन महिने गेले आणि दिवसाची भीती घरातून गेली. घारी तसं म्हणाली.

"दिवसाची?" ताईने विचारलं.

"संध्याकाळी अजून येते. सहाच्या सुमाराला. मला वाटतं थकवा असेल."

सहाला भाऊ घरी यायचा.

ताईला ते ऐकून काही वाटायला नको होतं. पण मानेवरून सरकलंच. त्या दिवशी सहाला ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. तिथून बोळ आणि बोळापलीकडे बाहेरचं दार सरळ दिसायचं. बाहेर अजून लख्ख उजेड होता. घारी वेताच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होती. कुलपात किल्ली फिरली, तीही इतकी हलकी, की माहीत नसतं तर ऐकू आली नसती. दार उघडलं. भाऊ आत आला आणि उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवून उभा राहिला. हातातली हत्यारांची पिशवी त्याने खाली ठेवली नाही. तो बायकोकडे बघत होता.

ज्या पोराला ताईने अंगाखांद्यावर खेळवलं, त्याचं असं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. जबडा आवळलेला. नाकपुड्या ताणलेल्या. डोळे रोखलेले. सापाकडे बघावं, तसं तो घारीकडे बघत होता. पुरी तीन मिनिटं. घारीचा हात छातीशी गेला, मग पदराशी, मग खुर्चीच्या हाताला घट्ट धरून राहिला. आणि मग भावाने पिशवी आपटून ठेवली, आणि साखरेसारख्या आवाजात म्हणाला, "काय म्हणतंय आमचं माणूस?"

ताई दाराआडून मागे सरकली. ओट्याचा आधार घेऊन ती खाली बसली.

पण ती एकदा चुकली होती. या डोळ्यांनी बादलीचा वळसा स्वच्छ पाहिला होता आणि डोक्याने त्याचं खोटं केलं होतं. आताही तसंच असलं तर? तिने तीन संध्याकाळी आणखी बघितलं. तिन्ही दिवस तेच. हलकी किल्ली, उंबरा, ते तोंड, आणि मग गोड आवाज.

रविवारी सकाळी भाऊ गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत होता. इमारतीची लिफ्ट तो फुकटात सांभाळायचा. ताई वर गेली. खोली लहान, मध्ये हिरव्या रंगाची मोटर, मोठ्या चाकावरून जाड तारा खाली काळ्या भोकात उतरलेल्या. भाऊ फळीवरच्या पेटीतले तांब्याचे तुकडे पॉलिशच्या कागदाने घासत होता.

"मी विचारते ते सरळ सांग," ताई म्हणाली. "तुला ती नकोशी झालीय का?"

"कोण?"

"रोज दारात उभा राहून तिच्याकडे कसा बघतोस, ते मी पाहिलंय. चार दिवस."

त्याचं घासणं थांबलं. "कसा बघतो?"

"द्वेषाने."

तो वळला तेव्हा त्याच्या तोंडावर इतकं निखळ आश्चर्य होतं, की ताईलाच शंका आली. "द्वेष?" तो म्हणाला. "ताई, मला भीती वाटते तिची."

खाली कोणीतरी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, चाक फिरलं, तारा सरसर खाली गेल्या. मग सगळं थांबलं.

"डॉक्टरांकडे जायच्या आधीपासून," तो म्हणाला. "एकदा मी हळूच आलो, तिला झोप लागली असेल म्हणून. ती तुझ्याशी बोलत होती, तू खाली मान घालून कपड्यांच्या घड्या घालत होतीस. तोंड तुझ्याकडे, बोलणं तुझ्याशी. आणि डोळे सावकाश फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले. बोलायची थांबली नाही ती. भाजीत मीठ कमी पडलं असं काहीतरी सांगत होती. मी डावीकडे सरकलो, डोळे डावीकडे. मी आलोय हे तिला माहीतच नव्हतं, ताई. मग माझ्याकडे बघत कोण होतं?"

ताई तारांखालच्या काळ्या भोकात बघत होती.

"सोळा वर्षं झाली लग्नाला. घारीला मी ओळखतो. त्या दुसरीला ओळखत नाही. म्हणून दारात थांबतो. आज बघते का, ते बघायला. रोज बघते." त्याने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "आणि तू म्हणतेस माझं तोंड रागावलेलं असतं. मला वाटत होतं मी नुसता उभा असतो."

ताईला एकाएकी काजाच्या मशीनवरची एक बाई आठवली. बारीक, कायम घाम आलेली. तिचं तोंड बघून ताईने तिला सलग तीन दिवस बाजूच्या खोलीत नेऊन अंगावरचे कपडे उतरवायला लावले होते. काही निघालं नाही. चौथ्या दिवसापासून ती कामावर आलीच नाही, आणि ताई इतकी वर्षं मानत आली होती, की बाई फार हुशार होती, माल दुसऱ्या वाटेने गेला. भ्यालेलं तोंड आणि चोराचं तोंड यांत नेमका फरक काय, हे त्या लिफ्टच्या खोलीत उभं राहून तिने आठवून पाहिलं. तिला सांगता आलं नाही.

"खाली चल," ती म्हणाली. "हे सगळं तिला सांग. गोड आवाजात नको. जसं मला सांगितलंस तसं."

त्याने सांगितलं. घारी पलंगावर बसून ऐकत होती.  त्याचं संपल्यावर तिने हात पुढे केला आणि न चाचपडता त्याचा हात धरला. दोघांनाही ते जाणवलं. भाऊ किंचित दचकला, आणि त्याचं दचकणं तिच्या हाताला कळलं.

"मलाही तिचीच भीती वाटते," घारी म्हणाली. "मला वाटायचं, मी एकटीच घाबरतेय."

भाऊ रडला. ताईने आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला.

त्या दिवसापासून तो जिन्यातूनच हाक मारत यायला लागला. घारीने त्या दोघांवर एक काम टाकलं. "माझ्यासमोर आलात की तोंडावर काय आहे ते बोलून दाखवत जा. नाहीतर मला नुसता गोळा येतो आणि कारण कळत नाही." म्हणून भाऊ चपला काढता काढता सांगायचा, "दमलोय. साहेबावर चिडलोय, तुझ्यावर नाही. थोडी भीतीही वाटतेय." पुढे पुढे भीतीचं सांगणं कमी झालं. पूर्ण थांबलं नाही. घारी त्या दुसरीला 'ती' म्हणायची आणि तिच्याकडून कामं करून घ्यायला शिकली. जिना एकटी उतरायची. मन दुसरीकडे ठेवायचं, गाणं म्हणायचं, आणि पायांना जाऊ द्यायचं, अशी तिची रीत. लक्ष देऊन चाललं की ठेच लागायची. इमारतीतली मुलं तिच्या वाटेतून बाजूला व्हायची, आणि ती मुलांच्या वाटेतून.

वर्ष भरत आलं तेव्हा ताईने आपल्या खोलीवर परत जायचं ठरवलं. आता तिची गरज उरली नव्हती, आणि ते तिला मनापासून बरं वाटत होतं. जायच्या दिवशी दुपारी दोन्ही पिशव्या भरून ती बाहेरच्या खोलीत आली. भाऊ बसचं वेळापत्रक बघत होता. घारी खुर्चीत बसली होती.

"निघते गं," ताई म्हणाली. "तोंडावर काही नाही. आनंदात आहे. अगदी समाधानाने निघालेय."

घारीने मान हलवली. तिचे घारे डोळे फिरले, ताईच्या चेहऱ्यावर आले आणि तिथे राहिले. तिने हळूच खुर्ची अर्धी वीत मागे सरकवली.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही, वन्सं." घारीचा हात पोटावर होता. "तुम्ही खरंच आनंदात आहात ना?"

"हो गं. खरंच."

"मग असेल."

ताई तोंड धुवायला म्हणून मोरीत गेली आणि बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली. नेहमीचाच चेहरा होता. कपाळ, चष्मा, ओठांच्या बाजूच्या दोन रेघा. तिने तो फाटकावर बघायची तसा बघितला. काही सापडलं नाही, आणि घारीच्या आतल्या 'ती'ला मात्र काहीतरी दिसलं होतं. मग तिने डोळे मिटले आणि एकदम उघडले, आरशातली बाई सावध व्हायच्या आत तिला गाठायचं म्हणून. पण आरशातल्या बाईचे डोळे आधीच उघडे होते. ताईने पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. बाहेर भाऊ घारीला सांगत होता, की पावणेचारची बस चुकली तर पुढची थेट साडेपाचला आहे.